पोकरची 'वर्ल्ड सिरीज' कशी वाढली आणि भारतातला ऑनलाइन डाव का मोडला?

मुंबई-गोवा महामार्ग महाड ओलांडून पोलादपूरकडे जातो, तिथून कशेडी घाट चढतो आणि पुढे कोकण पार करत गोव्यात पोहोचतो. याच महामार्गावरून हजारो पर्यटक गोव्याला जातात. त्यातल्या काहींचा मुक्काम समुद्रकिनाऱ्यावर असतो, तर काहींचा पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर.

त्या जहाजांवर पैसे लावून पत्ते खेळणं कायदेशीर आहे. तोच डाव महाडमध्ये एखादी खोली भाड्याने घेऊन मांडला, तर पोलीस दारात उभे राहू शकतात. आणि महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाते गावात बसून एखाद्या तरुणाने तोच डाव मोबाइलवर मांडला असता, तर? ऑगस्ट 2025पर्यंत त्याला महाराष्ट्रात कुणी अडवत नव्हतं. उलट चित्रपट कलाकार जाहिरातीत त्याला 'ये, खेळ' म्हणत होते.

ऑगस्ट 2025मध्ये केंद्र सरकारच्या कायद्याने हे चित्र बदललं. पोकरची मोठी भारतीय ॲप्स आणि त्यांच्या ऑनलाइन स्पर्धा काही दिवसांत थांबल्या. जुगार म्हणून बंदी आली, एवढंच याचं उत्तर नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या एका स्पर्धेचा 55 वर्षांचा प्रवास आणि मुंबईतल्या एका शब्दकोड्याचा खटला, या दोन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

पोकर म्हणजे नेमकं काय?

कोकणात गौरी-गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटणं नवं नाही. मेंढीकोट, बदाम सात, रमी आणि कुठेतरी कोपऱ्यात तीन पत्ती. पोकरचा सध्याचा सर्वात लोकप्रिय प्रकार आहे 'टेक्सास होल्डेम'. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते इतरांना दिसत नाहीत. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडले जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वात भारी, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. समोरच्याने घाबरून पत्ते टाकले, तर हातात काही नसतानाही डाव जिंकता येतो.

नशीब किती आणि कौशल्य किती, हा वाद इथूनच सुरू होतो. हातात दोन एक्के येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. दोन एक्क्यांसमोर दोन राजे असतील, तर एक्केवाला साधारण पाचपैकी चार वेळा जिंकतो. म्हणजे सगळं बरोबर करूनही पाचव्या वेळी हरतो. एका डावात नशीब मोठं आणि हजार डावांत कौशल्य मोठं, असं साधारण गणित आहे.

स्पर्धेत आणखी एक फरक असतो. प्रत्येकजण ठरलेली प्रवेश फी भरतो आणि सारख्याच चिप्स घेऊन बसतो. चिप्स संपल्या की खेळाडू बाहेर. शेवटी ज्याच्याकडे सगळ्या चिप्स, तो विजेता. बक्षिसाची रक्कम येते ती इतरांनी भरलेल्या फीमधूनच.

मतदानाने ठरलेला पहिला विजेता

'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली 1970मध्ये, लास वेगासच्या हॉर्सशू कॅसिनोमध्ये. मालक बेनी बिनियन यांनी नावाजलेल्या मोजक्या जुगाऱ्यांना बोलावलं. त्या वर्षी विजेता खेळून नाही, तर खेळाडूंच्या मतदानाने ठरला. जॉनी मॉस यांना चषक मिळाला. पुढच्या वर्षी 'चिप्स संपल्या की बाहेर' ही पद्धत आली. फी होती 5,000 डॉलर आणि जिंकले पुन्हा मॉसच.

1972पासून मुख्य स्पर्धेची फी 10,000 डॉलर झाली. विशेष म्हणजे ती आजही तेवढीच आहे. या काळात महागाईमुळे डॉलरची किंमत इतकी घटली की तेव्हाचे 10,000 म्हणजे आजचे 75,000हून जास्त. म्हणजे फी कागदावर तीच राहिली, पण प्रत्यक्षात दरवर्षी स्वस्त होत गेली.

1976पासून विजेत्यांना सोन्याचं ब्रेसलेट मिळू लागलं. पोकरच्या जगात आज त्याला क्रिकेटच्या विश्वचषकासारखा मान आहे. अमेरिकेच्या फिल हेलम्यूथ यांच्याकडे सर्वाधिक 17 ब्रेसलेट आहेत. पण बरीच वर्षं ही स्पर्धा ओळखीच्या लोकांचा अड्डाच होती. मुख्य स्पर्धेत 100चा आकडा पहिल्यांदा ओलांडला गेला 1982मध्ये. तेव्हा 104 खेळाडू होते.

86 डॉलरने सगळं बदललं

याच सुमारास एक युक्ती रुळली, 'सॅटेलाइट'. 10,000 डॉलर एकदम भरणं परवडत नसेल, तर दहा जणांनी हजार-हजार भरायचे, आपसांत खेळायचं आणि जिंकणाऱ्याने मोठ्या स्पर्धेचं तिकीट न्यायचं. उरलेल्या नऊ जणांचे पैसे गेले. आपल्याकडच्या भिशीसारखं वाटतं, पण मोठा फरक आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतोच, इथे फक्त एकाचाच लागतो.

इंटरनेट आल्यावर हीच युक्ती घराघरात पोहोचली. 2003मध्ये टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या 27 वर्षांच्या अकाउंटंटने 86 डॉलरची ऑनलाइन सॅटेलाइट जिंकून लास वेगासचं तिकीट मिळवलं. आडनाव खरंच 'मनीमेकर'. तिथे 839 खेळाडूंमध्ये तो पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. खेळाडूंचे झाकलेले पत्ते टीव्हीवर दाखवायची सोय तोपर्यंत आली होती. त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला डाव कळू लागला आणि 'हे तर मलाही जमेल' असं वाटू लागलं.

पुढचे आकडे पाहा. 2003मध्ये 839 असलेले खेळाडू 2004मध्ये 2,576 झाले, 2005मध्ये 5,619 आणि 2006मध्ये 8,773. त्या वर्षीच्या विजेत्याला, जेमी गोल्डला, 1 कोटी 20 लाख डॉलर मिळाले.

अवघ्या तीन वर्षांत जगात दहापट कुशल खेळाडू तयार झाले, असं कुणी म्हणणार नाही. बदलली होती ती आत येण्याची वाट.

वाट बंद झाली तेव्हा

ऑक्टोबर 2006मध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांमार्फत फिरवण्यावर निर्बंध आणले. पुढच्याच वर्षी मुख्य स्पर्धेतली संख्या 8,773वरून 6,358वर आली. 15 एप्रिल 2011ला तिथल्या न्याय विभागाने तीन मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली. पोकरवाले तो दिवस 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून ओळखतात. त्यानंतर संख्या सलग काही वर्षं घसरत राहिली. 2006चा विक्रम मोडायला 2023 उजाडलं, तेव्हा 10,043 खेळाडू आले. 2024मध्ये 10,112 आले, हा आजवरच्या मोठ्या आकड्यांपैकी एक.

खेळाचे नियम मधल्या काळात बदलले नव्हते. बदलला होता तो मोबाइल किंवा कॉम्प्युटरपासून टेबलापर्यंतचा रस्ता. ऑक्टोबर 2024मध्ये ही स्पर्धा 50 कोटी डॉलरना विकली गेली, आणि विकत घेणारी कंपनीही एका ऑनलाइन पोकर साइटमागचीच आहे. पैसा कुठून येतो, हे खरेदीदाराला नीट ठाऊक होतं.

कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात?

2025च्या मुख्य स्पर्धेचा हिशेब पाहिला की चित्र स्पष्ट होतं.

- खेळाडू: 9,735
- प्रत्येकी फी: 10,000 डॉलर
- आयोजक आणि कर्मचाऱ्यांच्या खर्चासाठी कापलेले: प्रत्येकी 700 डॉलर
- बक्षिसांची एकूण रक्कम: सुमारे 9 कोटी 5 लाख डॉलर
- पहिलं बक्षीस: 1 कोटी डॉलर, विजेता मायकेल मिझराकी
- काहीतरी बक्षीस मिळालेले: 1,461

उरलेल्या 8,274 जणांना काहीच मिळालं नाही. बातमी मात्र एकाचीच झाली. यात फसवणूक नाही, नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असतात. पण फोटो नेहमी नोटांच्या ढिगामागे उभ्या असलेल्या विजेत्याचा निघतो. 8,274 जणांचा कुणी काढत नाही.

भारतात ब्रेसलेट आलं

भारतात पोकरच्या स्पर्धा रुजल्या त्या गोव्यात. गोव्याच्या 1976च्या जुगार कायद्यात 1992मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ चालवायची मुभा मिळाली. पुढच्या दुरुस्तीने जहाजांवर कॅसिनोला वाट मिळाली. 2010च्या सुमारास 'इंडिया पोकर चॅम्पियनशिप'सारख्या मालिका तिथे भरू लागल्या. 2017मध्ये 'वर्ल्ड पोकर टूर' हे परदेशी नावही गोव्यात आलं.

महाराष्ट्रानेही 1976मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, आणि 2023मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूंचं तीर्थक्षेत्र गोवाच राहिलं.

2017मध्येच लास वेगासला आदित्य सुशांत आणि अमेरिकेत राहणारे निपुण जावा यांनी जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलं. 2024मध्ये बंगळुरूच्या संतोष सुवर्णा यांनी अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकून 54 लाख डॉलर मिळवले, तेव्हाच्या दराने सुमारे 45 कोटी रुपये. त्या स्पर्धेची नुसती फीच दोन कोटी रुपयांच्या वर होती.

पण खरी गर्दी मोबाइलवर होती. अड्डा52, पोकरबाजी, स्पार्टन पोकर अशा ॲप्सनी मनीमेकरचं सूत्र भारतात आणलं. थोडक्या रुपयांच्या सॅटेलाइटमधून मोठ्या मालिकेचं तिकीट मिळू लागलं. 2021मध्ये सुरू झालेल्या 'नॅशनल पोकर सिरीज'मध्ये तर सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकं होती. ऑलिंपिकची भाषा, खेळाडूंचे सत्कार, कलाकारांच्या जाहिराती यांतून पोकर हा 'माइंड स्पोर्ट' आहे हे ठसवलं गेलं.

मुंबईच्या शब्दकोड्याशी काय संबंध?

या सगळ्याला कायद्याचा आधार होता तो 'कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही' या तत्त्वाचा. आणि त्याची गोष्ट जाते 1950च्या दशकात, मुंबई राज्यात.

तेव्हा वर्तमानपत्रांत शब्दकोड्यांच्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं. थोडी फी भरा, कोडं सोडवा, हजारोंचं बक्षीस मिळवा. आर. एम. डी. चमारबागवाला हे त्यातलं मोठं नाव. कोड्याचं उत्तर आधीच ठरवून बंद ठेवलेलं असे. एका जागी दोन-तीन शब्द बसत असतील, तर 'बरोबर' शब्द कोणता, हे अंदाजावरच. मुंबई राज्याने या स्पर्धांवर कर आणि निर्बंध लावले. 1955मध्ये संसदेनेही कायदा केला. महिन्याला 1,000 रुपयांहून जास्त बक्षीस असलेल्या स्पर्धांवर बंदी आली. त्याहून लहान स्पर्धांना परवाना आणि जास्तीत जास्त 2,000 प्रवेशिका अशी मर्यादा घातली गेली.

हा कायदा झाला तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांचा जन्म 1896मध्ये नाते इथलाच. हे विधेयक त्यांच्या खात्याचं नव्हतं. पण त्या पिढीच्या सरकारने प्रश्न कसा मांडला, ते लक्षात घेण्यासारखं आहे. खेळ कोणता यापेक्षा किती लोकांचा किती पैसा गोळा होतो, यावर त्यांनी बोट ठेवलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1957मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नाही. पण ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं, ती जुगार ठरत नाही आणि 1955चा कायदा तिला लागू होत नाही. 1968मध्ये न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, तर तीन पत्तीसारखे खेळ निव्वळ नशिबाचे. मग पोकर कशात मोडतो?

यावर एकमत झालंच नाही. पश्चिम बंगालच्या कायद्यात पोकरला जुगारातून वगळलेलं आहे. नागालँडने त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातलं. डिसेंबर 2017मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तो नशिबाचा खेळ ठरवला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी 2018मध्ये, मुस्कान सेठी या पोकर खेळाडूला 'फर्स्ट लेडीज' म्हणून राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 2024मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पोकर आणि रमी कौशल्याचे खेळ असल्याचं म्हटलं. महाराष्ट्रात 1887चा जुगारबंदी कायदा आजही 'निव्वळ कौशल्याच्या' खेळांना सूट देतो, पण पोकर त्यात बसतो का, हे त्यात लिहिलेलं नाही.

2025चा कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंगचं नियमन करणारं विधेयक 20 ऑगस्ट 2025ला लोकसभेत आणि 21 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोरही उमटली. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- पैसे लावून ऑनलाइन खेळायचा खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, चालवता येणार नाही.
- चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- असे व्यवहार करू देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांवरही कारवाई.
- खेळणाऱ्याला शिक्षा नाही.
- ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आणि प्रोत्साहन.

पहिला मुद्दा सर्वात महत्त्वाचा. 'कौशल्य की नशीब' हा जवळपास सात दशकांचा वाद ऑनलाइन पैशांच्या खेळापुरता कायद्याने बाजूलाच ठेवला. सुमारे 45 कोटी लोकांना अशा खेळांची झळ बसते आणि ते वर्षाला 20,000 कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने मांडला. कंपन्यांचं म्हणणं वेगळं आहे. न्यायालयांनी मान्य केलेला व्यवसाय एका फटक्यात बंद करणं अन्यायाचं आहे, यामुळे हजारोंच्या नोकऱ्या जातील आणि खेळणारे परदेशी साइटकडे वळतील, असं त्या म्हणतात. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

मग आता पोकरच्या स्पर्धा संपल्या का?

नाही. गोव्यातलं समोरासमोरचं पोकर या कायद्याखाली येत नाही. जहाजं मांडवीतच आहेत. कॅसिनोवरचा जीएसटी मात्र 22 सप्टेंबर 2025पासून 28वरून 40 टक्के झाला. म्हणजे बसणं महागलं आणि मोबाइलवरून थोडक्या पैशांत तिकीट मिळवायची भारतीय वाटही बंद झाली.

अमेरिकेचा अनुभव सांगतो की अशा वेळी खेळ मरत नाही, तो आक्रसतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते खेळत राहतात, आणि गर्दी ओसरते. पण त्याच अनुभवाची दुसरी बाजूही आहे. ज्याला खेळायचंच आहे, तो आडवाट शोधतो. परदेशी साइट, टेलिग्रामवरचे ग्रुप, ओळखीच्या 'एजंट'कडे रोख देऊन मिळणाऱ्या चिप्स. तिथे जिंकलेले पैसे अडकले, तर दाद मागायला दारच नसतं. 2025च्या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळलं, पण त्याचे बुडालेले पैसे परत मिळवून द्यायची सोय त्यात नाही.

म्हणून सोशल मीडियावर नोटांच्या ढिगाचा फोटो दिसला, तर 'याने हे कौशल्याने कमावलं की नशिबाने' हा वाद घालत बसण्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारलेले बरे. किती जणांनी फी भरली? त्यातले किती रिकाम्या हाताने गेले? आणि प्रत्येक फीमधून आयोजकाने किती कापले? लास वेगासपासून गोव्यापर्यंत, 1970च्या चषकापासून मोबाइलवरच्या 'सुवर्णपदका'पर्यंत, या स्पर्धांचा खरा इतिहास याच तीन उत्तरांत आहे. विजेता दरवर्षी बदलतो. फीमधून कापून घेणारा मात्र कधीच हरत नाही.